जंगल बुक: मालिकेतला मोगली आणि पुस्तकातला मोगली

सांजवेळ
नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची ती मोगलीची मालिका मूळची जपानी. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९-९० मध्ये केलेली, ५२ भागांची. तिचा आधार म्हणजे रुडयार्ड किपलिंगची १८९४ आणि १८९५ ची दोन पुस्तकं. मालिका पाहून झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला आता पुस्तक वाचून दाखवायचं आहे, म्हणून तीन प्रश्न विचारते.
एक, मालिकेने काय गाळलं, काय वाढवलं आणि त्याने गोष्ट किती बदलली?
दोन, सुरुवात कुठून करावी? पुस्तक उघडलं तर तिसऱ्याच गोष्टीत शेर खान मरतो. चौथी गोष्ट सीलची आहे आणि तीत मोगलीचं नावसुद्धा नाही.
आणि सर्वांत जास्त छळणारा तिसरा प्रश्न: मोगली शेवटी जंगल सोडून का जातो? मालिकेत ते पटतं, कारण गावातली माणसं त्याला जीव लावतात. पुस्तकात मात्र त्याला कोणी हाकलतही नाही आणि बोलावतही नाही.

हरिणटोळ
आधी साधा हिशेब सांगतो. दोन पुस्तकांत मिळून १५ गोष्टी आहेत, पहिल्यात ७ आणि दुसऱ्यात ८. त्यांपैकी मोगलीच्या फक्त ८: पहिल्यात ३, दुसऱ्यात ५. मुंगूस-नागाची, हत्तींच्या नाचाची, सीलची या सगळ्या स्वतंत्र गोष्टी आहेत. आठ गोष्टींतून ५२ भाग काढायचे म्हणजे वाढवावंच लागणार. त्यामुळे "मालिकेने भर घातली" ही तक्रार मला मान्य नाही. भर कशाची घातली, ते बघायला हवं.

रविवार सकाळ
भर घातली ती घराची. पुस्तकात मोगलीला चार लांडगेभाऊ आहेत, पण त्यांच्यातला एकच ठळक होतो आणि त्यालाही नाव नाही, नुसता 'करडा भाऊ'. मालिकेत अक्रू आणि सुरा अशी नावं आणि स्वभाव असलेली भावंडं आहेत, त्यांची भांडणं आहेत, रुसवेफुगवे आहेत. लहान मुलाला धरून ठेवायला हेच लागतं.
आणि किची! तो छोटा लाल पांडा पुस्तकात कुठेच नाही.

कान्हीवाडा
किचीवर मीही जीव टाकतो, पण लाल पांडा राहतो नेपाळ, सिक्कीम, अरुणाचलच्या थंड डोंगरांत, बांबूच्या रानात. गोष्ट घडते सिवनीत. तिथल्या उन्हाळ्यात तो एक दिवस तगायचा नाही.
पुस्तकातला भूगोल मात्र नकाशावर बोट ठेवून वाचता येतो. 'सीओनी' म्हणजे मध्य प्रदेशातलं सिवनी. 'वैनगंगा' म्हणजे आपलीच वैनगंगा. सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून खाली येऊन गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली करत वर्धेला मिळते, आणि मग तिची प्राणहिता होते. पेंचचं व्याघ्र राखीव क्षेत्र दोन राज्यांत पसरलंय, वरची बाजू सिवनी-छिंदवाड्यात, खालची नागपूर जिल्ह्यात. विदर्भातल्या मुलांसाठी ही गोष्ट शेजारच्या रानातली आहे.

पळसपान
कान्हीवाडा, अगदी! आणि झाडंही आपलीच. शेर खानाला मारण्याच्या गोष्टीत मोगली करड्या भावाशी खूण ठरवतो: वाघ लांब असेल तोवर खडकावर दिसेल असा बसून राहा, आणि तो परतला की माळावरच्या 'ढाक'च्या झाडाजवळ घळीत माझी वाट बघ. ढाक म्हणजे आपला पळस. एके सकाळी खडक रिकामा दिसतो. मोगली गुरं पळसाकडे वळवतो, आणि तिथे करडा भाऊ पाठीवरचे केस ताठ करून बसलेला असतो. मराठीत वाचून दाखवताना 'ढाक' म्हणू नका, सरळ पळस म्हणा. मुलांना पानाफुलासकट झाड दिसतं.
दुष्काळाच्या गोष्टीतही तसंच. पाऊस हुकल्याची एक खूण म्हणजे त्या वर्षी मोह फुलत नाही. ते वाक्य परदेशी वाचकाला टिपेशिवाय कळणार नाही. गोंदियातल्या माणसाला त्या एका वाक्यात आख्खं वर्ष कळतं.

बोरूबहाद्दर
त्या दुष्काळाच्या गोष्टीत पाणी इतकं आटतं की नदीच्या पात्रात एक लांब खडक उघडा पडतो. तो दिसला की हत्ती जलसंधी पुकारतो. मग पाणवठ्यावर शिकार बंद. वाघ एका काठाला, हरणं दुसऱ्या काठाला, आणि सगळे मान खाली घालून पाणी पितात. मोडणाऱ्याला मृत्यू.
माझ्या मते पुस्तकाचा कणा हाच आहे, कायदा. कुणी कधी मारावं, कुणाला मारू नये, शिकारीतला वाटा कुणाचा, दुसऱ्याच्या हद्दीत शिरताना काय हाक द्यावी, हे सगळं बल्लू अस्वल मोगलीकडून घोकून घेतो आणि चुकलं की टपली मारतो. मालिकेत बल्लू प्रेमळ गुरुजी आहे. पुस्तकातला बल्लू मोगलीला निळाजांभळा होईस्तोवर चोपतो, काळा बिबट्या बघीरा त्यावरून त्याच्याशी भांडतो, आणि बल्लूचं उत्तर असं की अज्ञानाने मरण्यापेक्षा माझ्या हातचं सोसलेलं बरं. दोन्ही बल्लू मला आवडतात, पण ते एक नव्हेत.

चित्रकथी
इथे चित्रपटाच्या तंत्राबद्दल थोडं लिहिते, कारण काही बदल लेखकाच्या मर्जीने झालेले नसतात.
दूरचित्रवाणीसाठी ॲनिमेशन करताना पैसा आणि वेळ दोन्ही कमी. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) असतात, पण दर चौकटीला नवं चित्र काढत नाहीत. जपानी मालिकांत एकच चित्र साधारण तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. बोलताना तर शरीर स्थिर आणि फक्त तोंड हलतं, तेही बंद, अर्धं उघडं, पूर्ण उघडं अशा तीन चित्रांत. म्हणून बोलणं स्वस्त आणि धावणं महाग. चार पायांचा प्राणी नीट धावताना दाखवणं सर्वांत महाग, कारण पंजा कुठे टेकतो ते एका चित्रात जरी चुकलं तरी प्राणी घसरल्यासारखा दिसतो. यावर तोड म्हणजे धावण्याचं एकच आवर्तन काढून मागचं दृश्य सरकवत राहायचं.
आता पुस्तकात काय आहे बघा. दोन-दोन पानं कोणी बोलत नाही, नुसते वास, वारा, पावलं. हे मालिकेत आणायचं तर एकतर महागडं चित्रण करा, नाहीतर प्राण्यांना बोलतं ठेवा. मालिकेने दुसरा मार्ग घेतला.
बघीराचंही तसंच. किपलिंग लिहितो की तो शाईसारखा काळा, पण विशिष्ट उजेडात अंगावरचे ठिपके पाणीदार रेशमावरच्या लाटांसारखे उमटतात. काळ्या बिबट्याच्या बाबतीत हे खरं आहे. पण त्या काळात पारदर्शक सेल्युलॉइडवर हाताने रंग भरायचे, आणि तो रंग सपाट बसतो. उजेडाच्या कोनाबरोबर उमटणारे ठिपके प्रत्येक चित्रात वेगळे काढावे लागले असते. म्हणून मालिकेतला बघीरा एकसंध काळा.

रविवार सकाळ
चित्रकथी, हे वाचल्यावर मालिका पुन्हा बघावीशी वाटतेय, आता फक्त पंजे बघायला!

नीलमोहर
का या अजगराबद्दल कोणी बोललं नाही अजून. तो दुष्ट आहे असं अनेकांना वाटतं. ते १९६७ च्या अमेरिकी चित्रपटातून आलंय. माकडांचा राजाही तिथलाच. पुस्तकात माकडांना राजा नाही, हाच त्यांचा दोष सांगितलाय: कायदा नाही, पुढारी नाही, काल काय ठरवलं ते आज आठवत नाही. का मात्र मोगलीला सोडवणारा आहे. मालिकेतही तो मित्रच आहे, म्हणजे या बाबतीत मालिका पुस्तकाशी इमानदार.

बोरूबहाद्दर
हो, पण पुस्तकातला का मित्र असूनही भयंकर आहे. ओसाड नगरीतली लढाई संपल्यावर तो माकडांसमोर नाचतो आणि माकडं आपण होऊन एकेक पाऊल पुढे सरकत त्याच्याकडे जातात. बल्लू आणि बघीरासुद्धा सरकायला लागतात! मोगली त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो तेव्हा ते भानावर येतात. मोगलीला मात्र काही होत नाही, त्याला फक्त एक मोठा साप वेड्यासारखा गोल फिरताना दिसतो. तो माणूस आहे हे न सांगता सांगितलेलं ठिकाण आहे ते.

गवताळ
रशियन मालिका कोणी पाहिली आहे का? सोयुझमुल्तफिल्म, दिग्दर्शक रोमान दाविदोव, १९६७ ते १९७१ मध्ये पाच भाग. नंतर १९७३ मध्ये ते जोडून एकच चित्रपट केला. तिथे बघीरा मादी आहे, कारण रशियनमध्ये 'पँथर' हा शब्दच स्त्रीलिंगी. पुस्तकाच्या गाभ्याला ती जास्त जवळची वाटते. लांडग्यांची आणि रानकुत्र्यांची लढाई तिथे आख्ख्या भागाची आहे. पांढऱ्या नागाच्या खजिन्यातून मोगली 'लोखंडी दात' म्हणजे खंजीर उचलतो, तोही प्रसंग आहे.

हरिणटोळ
हत्याराचा मुद्दा चांगला काढलात. जपानी मालिकेत मोगलीच्या हातात बूमरँग आहे. ते हत्यार ऑस्ट्रेलियाचं, सिवनीचं नव्हे. पण मुलांच्या मालिकेसाठी ते सोयीचं: रक्त नाही, फेकलं की परत येतं. पुस्तकातला मोगली गळ्यात सुरी अडकवतो आणि तिने शेर खानाचं दहा फुटी कातडं सोलतो. बल्देव शिकारी येऊन ते मागतो, कारण त्या कातड्यावर सरकारचं शंभर रुपये बक्षीस असतं.

कान्हीवाडा
शेर खानाच्या मृत्यूची आखणी पुस्तकात इतकी नेमकी आहे की ती मुलांना कागदावर काढून दाखवावी. वैनगंगेची कोरडी घळ. वाघाने पहाटे डुक्कर खाल्लंय आणि पाणीही प्यायलाय. भरल्या पोटी तो ना नीट लढू शकतो, ना चढू शकतो. घळीच्या भिंती जवळजवळ उभ्या, आणि त्यांवर लोंबणाऱ्या वेलींना वाघाचा पंजा धरणार नाही. म्हातारा लांडगा अकेला आणि करडा भाऊ गुरांचा कळप दोन भागांत तोडतात: म्हशी आणि वासरं एकीकडे, रेडे दुसरीकडे. म्हशी घळीच्या खालच्या तोंडाशी आणि रेडे मोठा वळसा घालून वरच्या तोंडाशी. मोगली राम नावाच्या रेड्यावर बसून वरून हाक देतो आणि रेडे खाली सोडतो. वाघ खाली पळतो, समोर म्हशी. तिथेच खुरांखाली संपतो. मोगली त्याच्याशी हातघाईची लढाई करतच नाही. गुराख्याची अक्कल वाघाला मारते.

पळसपान
आणि गुराखी व्हायच्या आधी त्याला गावात कमरेला कापड गुंडाळावं लागतं, त्याचा त्याला भयंकर वैताग येतो. पुस्तकातलं पोर तोवर उघडंच हिंडतं. हिंदी शीर्षकगीतामुळे (गुलजार आणि विशाल भारद्वाज) आपल्या डोक्यात मोगली आणि चड्डी ही जोडी पक्की बसलीय, पण किपलिंगने ती त्याला कधी दिलीच नाही!

नीलमोहर
हिंदी भाषांतराला मी फार मोठं श्रेय देईन. किपलिंग प्राण्यांच्या तोंडी जुनं इंग्रजी 'दाऊ' घालतो, कारण त्याला हिंदुस्तानीतला 'तू' ऐकू येत असतो. इंग्रजीत ते जडजड वाटतं. हिंदीत मालिका आली आणि 'तू' आपल्या घरी आला. अकेला, शेर खान, बल्लू ही नावं जपानी मुलाला नुसते आवाज होते, आपल्याला पहिल्या क्षणी अर्थासकट कळली. आणि शेर खानाला नाना पाटेकरांचा आवाज! तो वाघ ओरडत नाही, दातओठ खात बोलतो.
'मोगली' शब्दाचा अर्थ मात्र शोधू नका. पुस्तकात त्याचा अर्थ बेडूक असा दिलाय, पण तो शब्द किपलिंगने स्वतः बनवलेला आहे.

गवताळ
रानकुत्र्यांच्या गोष्टीवर थोडं अजून लिहावंसं वाटतं, कारण सगळ्या आठांत ती माझ्या मते सर्वांत उंच आहे. हे कुत्रे 'दख्खन'हून येतात, म्हणजे आपल्या बाजूने वर चढलेली टोळी. आपल्याकडे कोळसून म्हणतात तेच. खऱ्या कोळसुनांचा कळप बहुधा ५ ते १२ जणांचा असतो. पुस्तकात दोनशे आहेत, ते गोष्टीसाठी.
मोगलीची युक्ती अशी. नदीच्या कड्यांच्या कपारींत आग्या माशांची पिढ्यानपिढ्यांची पोळी. त्यांना रानलसणाचा वास सोसत नाही, म्हणून तो लसणाची जुडी बरोबर घेतो. कुत्र्यांच्या वाटेवरच्या झाडावर चढून त्यांना चिडवतो. त्यांच्या बोटांमध्ये केस असतात यावरून हिणवतो, आणि आपला पाय खाली सोडून स्वतःची गुळगुळीत बोटं म्होरक्याच्या डोक्यावर हलवतो. म्होरका उडी मारतो तेव्हा मानगूट धरून वर ओढतो, शेपूट कापतो आणि खाली टाकून देतो. आता ती टोळी झाड सोडणार नाही. दिवस कलेपर्यंत त्यांना असं खिळवून ठेवतो, अंगाला लसूण चोळतो आणि पळत सुटतो. कड्यावर रचलेले दगड लाथेने कपारींत ढकलत थेट नदीत उडी. खाली का अजगर वाट बघत असतो, प्रवाहात त्याला सावरून धरायला. वर माशा उठतात आणि त्या मागून येणाऱ्या टोळीवर पडतात.
शेपूट का कापायची, हे मुलांना आधी विचारा. रागावलेला म्होरका वाट बदलत नाही. सगळी योजना त्या एका गोष्टीवर उभी आहे.

सांजवेळ
गवताळ, ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलीला झेपेल? शेवटी अकेला मरतो ना?

गवताळ
झेपेल. अकेला लढून, बोलून, आपलं मरणगीत गाऊन मरतो. त्यात भीती कमी आणि मान जास्त आहे. मी थांबेन ती 'जंगल गावात शिरतं' त्या गोष्टीपाशी. तिथे गावात मोगलीला घरात घेणाऱ्या मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला चेटूक केल्याच्या संशयावरून बांधून मारहाण झालेली आहे, आणि मोगलीच्या हाताला तिचं रक्त लागतं. मग हत्ती आणि त्याची तीन पोरं गाव उद्ध्वस्त करतात. माणसं मरत नाहीत, पण घरं, पिकं, धान्य सगळं जातं. ती गोष्ट दोन-तीन वर्षांनी वाचा. सलग वाचायचंच असेल तर मेसुआ सुटून कान्हीवाड्याच्या वाटेला लागते एवढं तोंडी सांगून पुढे जा.

बोरूबहाद्दर
सांजवेळ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. छापलेला क्रम काळाचा नाही. दुसरी गोष्ट पहिल्या गोष्टीच्या पोटात घडते, आणि दुसऱ्या पुस्तकातल्या दुष्काळाच्या गोष्टीत शेर खान जिवंत आहे. मालिकेने हे सगळं सरळ रेषेत लावून घेतलं. वाचताना आपणही तसंच करू शकतो.
पहिली गोष्ट सुरू करा आणि अर्ध्यावर थांबा. मोगलीला कळपात घेतात त्यानंतर लेखक स्वतःच सांगतो की आता दहा-अकरा वर्षं सोडून देऊ. पुस्तक तिथे मिटा. त्या फटीत दोन गोष्टी बसतात, आधी माकडं मोगलीला पळवतात ती, मग दुष्काळाची. त्यानंतर पहिल्या गोष्टीचा उरलेला अर्धा, म्हणजे अग्नी आणि कळपातून बाहेर पडणं. मग शेर खानाचा शेवट. पुढे जंगल गावात शिरतं ती (किंवा तिचं तोंडी सार), पांढऱ्या नागाच्या खजिन्यातल्या अंकुशाची, रानकुत्र्यांची आणि शेवटी वसंताची. असं लावलं की मूल मोगलीबरोबर वयाने वाढतं.

रविवार सकाळ
वा! ही मांडणी वहीत उतरवून घेतली. शेवटच्या गोष्टीनंतरचा मोगली कुठे सापडतो का?

हरिणटोळ
सापडतो, आणि गंमत म्हणजे तो आधी लिहिला गेला. १८९३ ची 'इन द रुख' नावाची कथा आहे. तीत मोठा मोगली वनखात्यात रक्षकाची नोकरी धरतो आणि लग्न करतो. ती मोठ्यांची कथा आहे आणि सूर अगदी वेगळा. ज्याने हत्तीला हुकूम दिला तो निवृत्तिवेतनाच्या नोकरीत बसलेला बघवत नाही. लहान मुलांना नकोच.

नीलमोहर
पण मूळ प्रश्न राहिलाच की. तो जातो कशासाठी? माझं मत सांगते. मालिकेचं उत्तर बाहेर आहे: गाव, मेशुआ (पुस्तकातली मेसुआ), माणसांचा लळा. पुस्तकाचं उत्तर आत आहे. सतरा वर्षांचा होत आलाय, वसंत आलाय, सगळे प्राणी आपापल्या गाण्यात आणि धावण्यात हरवलेत, त्याच्या हाकेला कोणी वेळेवर येत नाही. त्याला वाटतं आपण विष खाल्लं. अकेला मरताना सांगून गेलेला असतो की तुला दुसरं कोणी हाकलणार नाही, मोगलीच मोगलीला हाकलेल.

पळसपान
मालिकेचं उत्तर कमी दर्जाचं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. लहान मुलाला "तिथे तुझ्यावर माया करणारं माणूस आहे" हे कळतं. वयात येण्याची हुरहूर नऊव्या वर्षी कशी कळणार? आणि पुस्तकातही मेसुआ आहेच. त्या रात्री धावत सुटलेला मोगली तिच्याच झोपडीशी पोचतो, ती त्याला दूध देते, तिचं दोन वर्षांचं पोर त्याच्या सुरीशी खेळतं.

बोरूबहाद्दर
दोघींचंही बरोबर आहे, पण एक गोष्ट अजून कोणी काढली नाही. बैल.
लांडग्यांच्या सभेत मोगलीच्या बाजूने दोन आवाज लागतात. एक बल्लूचा. बघीराला सभेत बोलायचा हक्क नाही, पण कायद्यात अशी तरतूद आहे की पिल्लाचा जीव किमतीला विकत घेता येतो. तो नुकताच मारलेला एक लठ्ठ बैल देऊ करतो. म्हणजे मोगली कळपात माया म्हणून शिरत नाही, किंमत मोजून शिरतो. म्हणूनच बघीरा त्याला बजावतो की तू गुरांना कधी हात लावायचा नाही, तुझा जीव बैलाच्या जिवावर घेतलेला आहे. वर्षानुवर्षं तो हा नियम पाळतो.
आता शेवटची रात्र. मोगली रडतोय. आंधळा होत चाललेला म्हातारा बल्लू आहे, का अजगर आहे, चार भाऊ आहेत. बघीरा नाही. तो उशिरा येतो, उजव्या पंजावरून रक्त ठिबकतंय, आणि सांगतो की मी एक बैल मारून आलोय, दुसऱ्या वर्षातला, तुला मोकळं करणारा. आता सगळी देणी फिटली. मग मोगलीचा पाय चाटतो आणि रानात निघून जातो.
सांजवेळ, तुम्ही म्हणालात की त्याला कोणी हाकलत नाही, बोलावतही नाही. खरं आहे. पण बघीरा त्याला सोडवतो. कायद्याने आत घेतलं, कायद्यानेच दार उघडलं. माझ्या लेखी मालिकेत मनापासून उणीव वाटते ती याची.

चित्रकथी
आणि हे ॲनिमेशनला अजिबात महाग नव्हतं. रक्त लागलेला एक पंजा, तीन वाक्यं.

सांजवेळ
बोरूबहाद्दर, म्हणजे जिथे पुस्तक मिटायचं म्हणालात, बरोबर त्याच्या आधी पहिला बैल येतो. मग ते पान दुमडून ठेवते. शेवटच्या गोष्टीच्या दिवशी आधी ते उघडून परत वाचेन आणि मग वसंताची गोष्ट सुरू करेन.